लितोमिश्लचा वाडा आणि रेटिगोवाबाईंचं स्वयंपाकघर

आज आपण जरा लांबच्या गावी जाऊ या, युरोपातल्या चेक देशात. तिथे लितोमिश्ल नावाचं लहानसं गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास. मधोमध जवळजवळ अर्धा किलोमीटर लांबीचा चौक आहे. त्याच्या कडेच्या घरांना कमानी आहेत, त्यामुळे पावसातही न भिजता बाजार करता येतो. आणि टेकाडावर आहे एका सरदाराचा वाडा.

व्रातिस्लाव पेर्नश्टेन या सरदाराने १५६८ मध्ये तो बांधायला घेतला. वाड्याच्या भिंती बघण्यासारख्या आहेत. आधी गडद गिलावा, त्यावर पांढरा, आणि वरचा ओला असतानाच खरवडून नक्षी काढायची. अशा हजारो चौकटी आहेत, पाकिटासारख्या दिसणाऱ्या. तिथले लोक त्यांना 'चिठ्ठ्या' म्हणतात. १९९९ पासून हा वाडा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

सरदाराची बायको मारिया स्पेनची. माहेरून येताना तिने बाळ येशूची एक मूर्ती आणली आणि पुढे लेकीला दिली, असं सांगतात. लेक पोलिक्सेनाने १६२८ मध्ये ती प्रागच्या मठाला दिली. आपल्या नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते ना, ती भक्ती याच प्रागच्या मूर्तीची!

पण आम्हाला सांगायचं आहे ते वाड्याबाहेरच्या एका बाईबद्दल. माग्दालेना दोब्रोमिला रेटिगोवा तिचं नाव. जन्म १७८५ चा. त्या काळी तिथे व्हिएन्नाच्या बादशहाचं राज्य होतं. शाळा, कचेरी, मोठ्यांची बैठक, सगळीकडे जर्मन. चेक म्हणजे गड्यांची आणि मोलकरणींची बोली, असंच समजलं जाई. माग्दालेनालाही आईने जर्मनमध्येच वाढवलं. चेक ती नीट शिकली मोठेपणी, नवऱ्याच्या सोबतीने. 'दोब्रोमिला' हे चेक नावही तिने स्वतःच घेतलं.

नवरा सरकारी नोकरीत, म्हणून बदल्या. तिची बरीच मुलं लहानपणीच गेली. त्यातही ती लिहीत राहिली. १८२६ मध्ये तिचं पाककृतींचं पुस्तक चेक भाषेत छापून आलं. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण विचार करा, ज्या भाषेत बायका घरात बोलत होत्या, त्या भाषेतलं पुस्तक चुलीपाशी आलं. कविता-कादंबऱ्या मूठभरांच्या हाती जातात. रस्सा आणि केक मात्र घरोघरी लागतात. हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा छापलं गेलं.

१८३४ मध्ये हे कुटुंब लितोमिश्लला आलं. तिथे ती गावातल्या मुलींना घरी बोलावून स्वयंपाक शिकवायची आणि शिकवता शिकवता चेक वाचायलाही लावायची. पुढे मोठी लेखिका झालेली बोझेना नेम्त्सोवा तरुणपणी काही काळ याच गावात राहिली आणि तिला भेटली.

आता खरं बोलायचं तर रेटिगोवाबाईंचं सगळंच आम्हाला पटत नाही. बाईने घर उत्तम सांभाळावं, यापलीकडे त्या फारशा गेल्या नाहीत. नेम्त्सोवा गेली. पण पहिली पायरी कुणीतरी घालावी लागते, आणि ती त्यांनी ओट्याशी उभं राहून घातली.

याच गावचा आणखी एक मुलगा. वाड्याच्या दारूभट्टीत बिअर गाळणाऱ्याच्या घरी १८२४ मध्ये जन्मलेला बेद्रिख स्मेताना. चेक संगीताचा तो मानबिंदू, पण त्याचंही शिक्षण जर्मनमध्येच झालं आणि चेक लिहायला तो चाळिशीच्या सुमारास शिकला. त्याच्या नावाचा संगीतोत्सव १९४९ पासून वाड्यात होतो.

रेटिगोवाबाई १८४५ मध्ये लितोमिश्लमध्येच वारल्या आणि तिथेच त्यांची कबर आहे. १९०१ मध्ये त्यांच्यावर एक नाटकही आलं. त्यांचं पुस्तक आजही दुकानात मिळतं.