उतरतानाचा जोर : स्वागताध्यक्षीय भाषण

बैठक मारताना शरीर खाली जाते, तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू लांबत जातो आणि लांबता लांबता भारही पेलतो. ही एक्सेन्ट्रिक क्रिया. त्या ताणाचा क्षणाचाही विलंब न लावता उसळीसाठी उपयोग केला, की तो प्लायोमेट्रिक व्यायाम होतो. दुखापतीनंतरच्या पुनर्वसनात या दोहोंचा विचार करणाऱ्या या परिषदेच्या प्रतिनिधींचे अमरावती नगरीत स्वागत आहे.

ही नगरी अंबादेवीची. रुक्मिणीहरण याच देवळातून झाले, अशी परंपरा आहे. गाडगेबाबांची समाधी येथेच आहे आणि शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवनही येथलेच. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन या गावी भरले, तेव्हा दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. ते पद पुढे ज्याच्या वाट्याला येते, त्याची छाती आधी फुगते आणि मग धडधडते.

या सर्वांत जिव्हाळ्याची संस्था म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. अनंत आणि अंबादास या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये तिची मुहूर्तमेढ रोवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. तांबड्या मातीत जोर काढताना छाती जमिनीकडे नेणारा आणि मल्लखांबावरून स्वतःला सावरत खाली येणारा गडी एक्सेन्ट्रिक हा शब्द न ऐकताच ती क्रिया करत आला आहे. परिषदेच्या विषयाशी गावाचे नाते एवढेच; गावाला ते पुरेसे वाटते.

उतरणे स्वस्त पडते, हे १९५२ मध्ये अ‍ॅबट, बिग्लंड व रिची यांनी दाखवले. दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारले, दुसऱ्याने ते अडवले, म्हणजे उतरतानासारखीच एक्सेन्ट्रिक क्रिया केली. बळ सारखेच लागले, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन बराच कमी पुरला. १९९८ मध्ये स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी टाचेच्या वरची शीर दुखणाऱ्या १५ हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली सोडायला लावली. १२ आठवड्यांनी सारे पुन्हा धावू लागले. सवय नसताना असा व्यायाम केला, तर पुढचे दोन-तीन दिवस अंग ठणकते. म्हणून मात्रा हळूहळू वाढवावी लागते. सोव्हिएत प्रशिक्षक व्हेर्खोशान्स्की यांनी रुजवलेल्या उड्यांची पाळी शेवटी येते. सूज व वेदना ओसरल्यावर, ताकद परतल्यावर, आधी दोन पायांवर आणि नंतर एका पायावर नीट उतरता आले, तरच उसळी.

व्यवस्थेतील उणिवा अनेक आहेत. निवास तीन ठिकाणी विखुरला आहे, पहाटे गरम पाण्याला रांग लागते, ध्वनिक्षेपक अधूनमधून कुरकुरतो. वरूड-मोर्शीकडच्या संत्री-बागायतदारांनी दिलेल्या पेट्या, गाद्या पुरवणारे आखाडे, मंडपवाले, गिला वड्याचा घाणा सांभाळणारे आचारी, देणगीदार डॉक्टर व व्यापारी, नाव न छापण्याच्या अटीवर रक्कम देणारे सद्गृहस्थ आणि रात्रभर खुर्च्या वाहणारे विद्यार्थी, या सर्वांची समिती ऋणी आहे. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट कालपासून बंद आहे. चढण्याच्या त्रासाबद्दल समिती क्षमा मागते. उतरणे मात्र परिषदेच्या विषयाला धरूनच होईल.