वेरूळच्या राणीची नोकरी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)

आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जून २०२५ला गोव्याचं विमान सुरू झालं. सोसायटीतली पोरं मला विचारतात, "आजोबा, जेटच्या जमान्यात ह्याला पंखे कसे?" अरे, ते टर्बोप्रॉप. पंखा फिरवतं ते टर्बाइनच. जवळच्या पल्ल्याला इंधन कमी लागतं.

त्याच्या आधीची पिढी बघायची तर गोव्यात वास्कोजवळ नौदलाच्या विमान संग्रहालयात जा. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. एअर इंडियात त्याचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी! चार पिस्टन इंजिनं, एकेकात १८ सिलिंडर, आणि शेपटाला एक नाही, तीन उभे पंख.

१९६० साली एअर इंडियात बोइंग ७०७ जेट आलं आणि राणी ऐन उमेदीत म्हातारी ठरली. पण भंगारात गेली नाही. आधी हवाई दलानं घेतली. पुण्याची ६ क्रमांकाची स्क्वाड्रन ह्या जातीच्या विमानांनी समुद्रावर टेहळणी करायची. १९७६ला नौदलाकडे आली, मुक्काम दाबोळी. परदेशी प्रवासी नेणारी राणी पाण्यावर पहारा द्यायला लागली!

आता ती उघड्यावर आहे. ऊन, पाऊस, वर खारा वारा. अ‍ॅल्युमिनियम झालं म्हणून काय, तेही झिजतंच. आपली मंडळी गोव्याला जाऊन बीचवरूनच परत येतात, हे काही मला पटत नाही. नातवंडांना घेऊन अर्धा दिवस काढा. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतं.