ब्रेकचा खर्च कोणाच्या नावावर?

(संस्थेच्या वार्षिक सभेत मालवण येथे केलेले भाषण)



दर वर्षी या सभेत मी वाड्यांवरचा वृत्तांत सांगते. किती मुले शाळेत टिकली, किती जणांना जातीचा दाखला मिळाला, कोणाच्या क्षयाच्या गोळ्या पूर्ण झाल्या. यंदा मी हिशेबाच्या एकाच ओळीवर बोलणार आहे. ती ओळ आहे 'वाहन दुरुस्ती'. छापील हिशेब हातात पडल्यावर तुमच्यापैकी काहींनी मला प्रेमाने विचारले, "ताई, हा आकडा एवढा का वाढला? एवढ्या पैशांत किती मुलांच्या वह्या आल्या असत्या!" प्रश्न रास्त आहे. देवाला दिलेल्या पैशाचा हिशेब विचारणे हा तुमचा हक्क आहे आणि उत्तर देणे माझे कर्तव्य.

आपल्याकडे तीन मोटरसायकली आहेत. तिन्ही देणगीतून आलेल्या, आणि सर्वांत जुनी अकरा वर्षांची. सिंधुदुर्गातील ठाकर समाज म्हटला की लोकांना पिंगुळीची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आठवतात. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपल्या सगळ्यांचीच मान उंचावली. पण आपले काम चालते ते बहुतेक फाट्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. एसटी फाट्यावर सोडते. पुढे तीन-चार किलोमीटर जांभ्या दगडाची चढण, एखादा साकव, आणि मग ठाकरांची किंवा कातकऱ्यांची दहा-बारा घरे. कातकरी समाजाची गणना तर सरकारनेच अतिअसुरक्षित आदिम जमातींमध्ये केली आहे. तिथपर्यंत वह्या, गोळ्या, कागदपत्रे आणि कधी कधी आजारी माणूस, हे सगळे त्या तीन गाड्याच वाहतात.

आणि आपला मुलूख गाडीला सोपा नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. किनाऱ्याला खारा वारा. मालवणात अंगणात उभी ठेवलेली गाडी न चालवताही गंजते. केबलीच्या आत गंज धरतो, साखळी सुकते, आरे कमजोर होतात. तांबड्या चिखलाचे पाणी ब्रेकच्या ड्रममध्ये शिरले की काही वेळ ब्रेक पकडतच नाही. बारीक रेती आत राहिली तर लायनर घासत जाते. मिरगाच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून साबणासारखा थर होतो, आणि श्रावणापर्यंत जांभ्यावर शेवाळ चढते. अशा वाटेवर गुळगुळीत झालेला टायर म्हणजे ओल्या कातळावर पायात घातलेली झिजकी चप्पल.

आपल्या एका हितचिंतकांनी मला मालवणीत विचारले, "चलता हा मां, मगे कित्याक बदलतास?" खरे आहे, गाडी चालते. पण चालणे आणि थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन बिघडले तर गाडी सुरूच होत नाही, आपण चडफडत एसटीने जातो. ब्रेकचे तसे नाही. तो रोज केसभर कमी होतो, आणि चालवणाऱ्याचा पाय रोज केसभर जास्त दाबायला शिकतो. त्यामुळे ज्याची गाडी त्यालाच शेवटपर्यंत कळत नाही. इंजिनाचा खर्च आपण नाइलाजाने करतो. ब्रेकचा खर्च मात्र काहीही घडलेले नसताना करावा लागतो, म्हणून तो उधळपट्टीसारखा वाटतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत फार व्यवहारी आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की धाब्याला कठडा बांध, नाहीतर कोणी पडून मेला तर त्याचा दोष तुझ्या घरावर येईल. अजून कोणी पडलेला नाही, तरी कठड्याचा खर्च आधी करायचा. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने पहिल्यांदाच शिंग मारले तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे मालकाला आधी सांगितले होते आणि त्याने त्याला बांधले नाही, तर जबाबदारी मालकाची. मेकॅनिकने आपल्याला सांगितले की मागचा टायर संपला आहे, तर त्या क्षणापासून आपण ते माहीत असलेले मालक आहोत. मग गाडी आपला कार्यकर्ता चालवत असला तरी ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर राहत नाही. ते तुमच्या-माझ्या हिशेबात येते.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते, कारण ती खरी आहे आणि मला ती टोचते.

गेल्या आषाढात आपल्या एका कार्यकर्त्याने गाडी काढायला नकार दिला. टायर संपला होता, नवा येईपर्यंत दोन दिवस लागणार होते, आणि वर वाडीवर एक लहान मूल तापाने फणफणलेले होते. घरच्यांनी मुलाला पाठीशी बांधून पावसात फाट्यापर्यंत चालत आणले. तिथे फोनला रेंज मिळाली, मग १०८ ची रुग्णवाहिका आली. मूल बरे झाले, देवाची स्तुती असो. पण नंतर मी वाडीवर गेले तेव्हा त्या आईने मला विचारले, "तुमका गाडी मोठी, की माजा पोर?"

तिला मी काय सांगणार? घसरणाऱ्या गाडीवर आजारी मूल घेऊन तो घाटी उतरला असता तर तिघेही दरीत गेले असते, हे तिला सांगता आले असते. ते खरेही आहे. पण तिने मुलाला पाठीवर घेऊन पावसात वाट तुडवली होती आणि मी कोरड्या पायांनी बोलत होते. मी एवढेच म्हणाले की पुढच्या पावसात गाडी उभी राहणार नाही. कार्यकर्त्याचा नकार योग्य होता आणि त्या आईचा प्रश्नही योग्य होता. नकार देण्याची वेळ आधीच येऊ न देणे, एवढाच यातून मार्ग आहे. म्हणजे टायर ज्येष्ठात बदलायचा, आषाढात नाही. यंदा हिशेबातील आकडा वाढला तो याच कारणाने.

पैसे थोडे असताना कशावर आधी खर्च करायचा, याचा क्रम आम्ही ठरवून गाडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. आधी थांबणे, मग पकड, मग दिसणे, मग पळणे, आणि शेवटी रूप. थांबणे म्हणजे ब्रेकचे लायनर आणि केबली. पकड म्हणजे टायर आणि त्यातील हवा. दिसणे म्हणजे पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, इंडिकेटर. पळणे म्हणजे इंजिन, क्लच, साखळी. रूप म्हणजे रंग, सीट, मडगार्डवरचे पोचे.

काटकसर कुठे करतो तेही सांगते. सीट फाटली तर चांभाराकडून शिवून घेतो. पोचे ठोकत नाही. साखळी धुणे, तिला तेल देणे, हवा तपासणे ही कामे कार्यकर्ते दर शनिवारी स्वतः करतात, त्याला खर्च नाही. बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकाच्या ड्रमपाशी छोटा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपलीकडे गेला की लायनर संपले. टायरच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, वरचे रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. हे बघायला मेकॅनिक लागत नाही, डोळे लागतात. पण स्वस्तातले नकली लायनर किंवा दुसऱ्याने काढून टाकलेला टायर आम्ही घेत नाही. लायनरचा जोड काहीशे रुपयांचा आणि मागचा टायर दोन हजारांच्या आसपास. त्यात वाचवलेले पैसे हाड मोडल्यावर उपचाराला पुरत नाहीत.

शेवटचा नियम असा, की चालवणाऱ्याला वाटले गाडी सुरक्षित नाही, तर 'नाही' म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. त्याबद्दल त्याला कोणी बोल लावायचा नाही. आपले कार्यकर्ते श्रद्धावान आहेत, आणि श्रद्धावान माणूस 'प्रभू सांभाळील' म्हणून निघतो. प्रभू सांभाळतोच. पण मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगितले तेव्हा आपल्या प्रभूने ती मारली नाही, हेही आपण विसरू नये.

हेल्मेटबद्दल दोन शब्द. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातील जवळजवळ पंचेचाळीस दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले मृत सुमारे पन्नास हजार. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते. म्हणून आपल्या प्रत्येक गाडीला आता आयएसआय खुणेची दोन हेल्मेटे आहेत. मागे बसणारी वाडीवरची आजी असली तरी तिचे डोके तितकेच मोलाचे आहे.

ही अडचण आपल्या एकट्यांची नाही. इंग्लंडमधील बॅरी आणि अँड्रिया कोलमन या दांपत्याला आफ्रिकेत दिसले की आरोग्यसेवेसाठी दान आलेल्या मोटरसायकली स्वस्तातल्या सुट्या भागांअभावी आणि देखभालीअभावी पडून आहेत. त्यांनी 'रायडर्स फॉर हेल्थ' ही संस्था उभारली. भाग तुटण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी तो बदलायचा, आणि चालवणाऱ्याला रोजची तपासणी शिकवायची, हे तिचे मुख्य सूत्र.

रोमन कॅथॉलिक बंधूंचे एक उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. पॉल शुल्टे नावाचे जर्मन धर्मगुरू होते. त्यांचा मिशनरी मित्र १९२५ साली आफ्रिकेच्या दक्षिण भागात तापाने गेला, कारण इस्पितळापर्यंत लवकर नेणारे वाहन नव्हते. शुल्टे यांनी १९२७ साली 'मिवा' ही मिशनकार्याला वाहने पुरवणारी संस्था स्थापन केली. ऑस्ट्रियात तिच्यासाठी दर जुलैमध्ये अर्पण गोळा होते. वाहनचालक अपघाताविना पार पडलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे नाण्याचा अगदी छोटा अंश देतात. आपण सुखरूप पोहोचलो, त्याची ही उपकारस्तुती.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. त्याने जखमी माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले. ते जनावर धडधाकट होते, म्हणूनच दोघे उतारशाळेपर्यंत पोहोचले. मग त्याने दोन नाणी दिली, आणि अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा भागवीन असेही सांगितले. दोन नाणी देणारे पुष्कळ असतात. नवी गाडी देणाऱ्याचे नाव टाकीवर रंगवता येते आणि फोटोही छान येतो. 'अधिक खर्च झाला तर' हे शब्द पाळणारे थोडे असतात. ब्रेकच्या लायनरवर कोणाचे नाव लिहिता येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. आज बाहेरच्या टेबलावर एक पेटी ठेवली आहे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे दुचाकी किंवा मोटार आहे, त्यांनी महिनाअखेरीस आपल्या गाडीचे किलोमीटर पाहावेत आणि सुखरूप झालेल्या प्रत्येक दहा किलोमीटरमागे एक रुपया बाजूला काढावा. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याचे पन्नास रुपये होतात. अशी चाळीस घरे उभी राहिली तर दर महिन्याला एका टायरची सोय होईल, आणि वह्यांच्या पैशाला हात लावावा लागणार नाही.

प्रभू तुमचे जाणे-येणे सांभाळो, आणि ज्येष्ठ संपण्याआधी आपल्या तिन्ही गाड्यांना नवे टायर बसोत. आमेन.