फुलाचा चौकोन

(केंद्रसंमेलनात शिक्षक-शिक्षिकांसमोर दिलेले भाषण)



हस्तव्यवसायाविषयी काही सांगावे, अशी मला आज्ञा झाली आहे. हस्तव्यवसाय म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर कागदाची फुले, आगकाड्यांचे घर आणि तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडावयाची बाहुली येते. या वस्तूंना मी नावे ठेवीत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री जागून मीही त्या केलेल्या आहेत. परंतु वर्गातील मुलांनी त्यांना हातदेखील लावलेला नव्हता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आज मी पिशवीतून एक लहानशी वस्तू आणली आहे. पंजाएवढा हा चौकोन क्रोशाच्या सुईने विणलेला आहे. मध्ये पिवळे केसर, भोवती आठ तांबड्या पाकळ्या आणि बाहेर निळी चौकट. असे पुष्कळ चौकोन जोडले की शाल होते, पांघरूण होते. पाश्चात्त्य देशांत याला आजीच्या नावाने ओळखतात. अमेरिकेत १८८५ साली शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका पत्रात अशा चौकोनाची कृती छापून आली होती. उरल्यासुरल्या लोकरीचा उपयोग करण्याची ही युक्ती असल्यामुळे ती आजीच्या नावावर जावी हे योग्यच झाले. मधले उठावदार फूल मात्र आयर्लंडचे. तेथे १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा कुटुंबे जगविण्यासाठी हजारो स्त्रिया व मुली क्रोशाची जाळी विणू लागल्या, आणि एकावर एक पाकळ्यांचे थर असलेला गुलाब हे त्यांच्या कामाचे ठळक चिन्ह ठरले. म्हणजे या फुलाच्या मुळाशी हौस नव्हती, भूक होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे मला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

आमच्या मुंबईत हे काम घरोघर होते. गिरगावातील चाळींतून दारावरचे तोरण, टेबलावरचा रुमाल, रेडिओवरचे आच्छादन आणि बाळाचे टोपडे क्रोशाचे असावयाचे. गिरगावाला लागून असलेल्या गावदेवीत बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने १९०८ साली सेवासदन स्थापन झाले. तेथे शिवण-भरतकामासारख्या कामांचे शिक्षण घेऊन कितीतरी निराधार स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. दादरला ताराबाई मोडकांनी शिशुविहार चालविले आणि १९४५ साली बोर्डीस जाऊन खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम आरंभिले. महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी भोवतालच्या वस्तूंतूनच साधने घडविली, हे आपण जाणताच. माझ्या आईची पहिली सुई छत्रीच्या मोडक्या काडीची होती. वडिलांनी ती कानशीने घासून तिच्या टोकाला आकडी केली होती.

आता कृती सांगते. विणकामाला दोन सुया लागतात, क्रोशाला एकच पुरते, आणि कोणत्याही क्षणी सुईवर मुख्यतः एकच फास असतो. त्यामुळे चूक झाली तर दोरा ओढावा आणि चुकीपर्यंत मागे जावे. पाटीवरचे पुसले की काय चुकले होते तेही पुसले जाते. येथे मात्र मूल चुकीपर्यंत पायरी-पायरीने परत जाते आणि ती कोठे झाली हे त्याला दिसते.

पिवळ्या दोऱ्याने प्रथम ६ साखळ्या विणून त्यांचे कडे करावे. कड्यात ८ खांब विणावेत, व प्रत्येक दोन खांबांमध्ये २ साखळ्यांचे अंतर सोडावे. पहिला खांब विणताना ५ साखळ्या घेतात. त्यांतल्या ३ खांबाच्या जागी व २ अंतराच्या. आता चाकाच्या आऱ्यांसारखे आठ खांब व आठ खिडक्या दिसतील. तांबडा दोरा घेऊन प्रत्येक खिडकीत एक आखूड टाका, तीन खांब, पुन्हा एक आखूड टाका घालावा. की एक पाकळी झाली. लहानशा खिडकीत पाच टाके दाटीने बसल्यामुळे पाकळी आपोआप फुगून वर उठते.

पुढची फेरी मुलांना सर्वांत आवडते, कारण ती लपलेली असते. निळा दोरा घेऊन पाकळ्या पुढे वाकवाव्यात आणि मागच्या बाजूने पहिल्या फेरीच्या प्रत्येक खांबाला सुईने वेढा घालून एक आखूड टाका व त्यानंतर ३ साखळ्या, असे करीत जावे. फुलाच्या पाठीमागे आठ कमानी तयार होतात. पुढून पाहणाराला त्या दिसत नाहीत, पण सगळा चौकोन त्यांच्यावरच उभा राहतो.

आणि येथे खरा प्रश्न येतो. फूल गोल आहे. त्याचा चौकोन कसा करावयाचा? हा प्रश्न मी वर्गात विचारते आणि गप्प बसते. कधी कधी दोन दिवस उत्तर येत नाही. मग एखादी मुलगी म्हणते, "बाई, आठातल्या चार कमानींना जास्त द्यायचं." हेच उत्तर. एक सोडून एक अशा चार कमानींत तीन खांब, २ साखळ्या, पुन्हा तीन खांब घालावयाचे, हे कोपरे. उरलेल्या चार कमानींत तीनच खांब घालावयाचे, या बाजू. प्रत्येक कमानीनंतर एक साखळी. कोपऱ्यांचे २४ आणि बाजूंचे १२ मिळून ३६ खांब होतात. पुढच्या फेरीत प्रत्येक बाजूला तिघांचा एक गट वाढतो, म्हणून ४८, त्यापुढे ६०. ही बाराची वाढ मुले स्वतः शोधून काढतात. कोपऱ्यात वाढवावयाचे कोणी विसरले तर चौकोनाची वाटी होते, आणि सगळीकडेच वाढविले तर झालर होते. सपाट राहण्यासाठी नेमके किती वाढवावे, हे हातात पाहिल्यावर फळ्यावर सांगण्यासारखे फार थोडे उरते.

एवढे सांगून मी खाली बसले असते. परंतु या चौकोनाशी माझा संबंध शाळेत जडलेला नाही, तो लालबागच्या चाळीत जडला. तो प्रसंग सांगितल्यावाचून मी हे काम वर्गात का आणले व कोणत्या अटीवर आणले, हे कळणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. माझे वडील परळच्या एका गिरणीत माग चालवीत. मी तेव्हा चौथीत होते. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटे की आज ना उद्या भोंगा वाजेल. पुढे वाण्याची वही भरली, आईच्या हातांतल्या पाटल्या गेल्या, आणि तिने एका व्यापाऱ्याकडून क्रोशाचे काम घरी आणले. तो दोरा तोलून द्यावयाचा आणि तयार चौकोन तोलून घ्यावयाचा. एका खेपेस एक ग्रोस, म्हणजे १४४ चौकोन. आई आणि मजल्यावरच्या आणखी दोघीजणी मिळून ते पुरे करीत.

आई शाळेत गेलेली नव्हती. परंतु साठ खांबांच्या फेरीत एकोणसाठ झाले तर न मोजता तिच्या बोटांना कळे. हिशेबाची वही माझ्याकडे होती. वडिलांनी आरंभी दार लोटून दोऱ्याचे गुंडे करून दिले. दोरा संपला की ते विणकराची बारीक गाठ मारीत. ती शोधूनही सापडत नसे. मे महिन्यापर्यंत ते दार उघडे ठेवून सुई चालवू लागले होते. मागावर ज्यांनी जन्म घालविला, त्यांना एका सुईची कसली लाज!

तिसऱ्या खेपेस व्यापाऱ्याने मजुरी कापली. दिलेल्या दोऱ्यापेक्षा चौकोनांचे वजन वीस-बावीस ग्रॅम कमी भरते, तेव्हा दोरा तुम्ही ठेवून घेतला, असे तो म्हणाला. त्याने चोरी हा शब्द उच्चारला नाही, पण आई घरी आली ती न बोलता. रात्री तिने जेवण वाढले आणि स्वतः जेवली नाही.

मी वही काढली. एका चौकोनात तीन रंग. प्रत्येक रंगाचे एक टोक आरंभी व एक शेवटी, म्हणजे सहा टोके. ती आत ओवून उरलेला भाग आम्ही कापून टाकीत होतो, दर टोकाला सुमारे दोन इंच. सहा दुणे बारा इंच म्हणजे दर चौकोनामागे एक फूट दोरा केरात जात होता. १४४ चौकोनांना १४४ फूट, म्हणजे ४८ वार. पुढच्या खेपेस आम्ही एकही टोक केरात टाकले नाही. सगळी कात्रणे कागदाच्या पुडीत जमविली, आणि मी आईबरोबर गेले. चौकोन तागडीत घातले. वजन कमी भरले. मग पुडी त्यांच्यावर ठेवली. काटा जवळजवळ मध्यावर आला.

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कितवीत आहेस?" मागची कापलेली मजुरी त्याने परत दिली नाही, दरही वाढविला नाही. यापुढे टोके आणीत जा, एवढेच म्हणाला, आणि पुडी उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. आई त्या संध्याकाळी जेवली.

आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. १८४४ च्या सुमारास तेथे आलेल्या स्कॉटिश धर्मोपदेशक दांपत्याकडून क्रोशाची कला त्या भागात पसरली, आणि हजारो स्त्रिया घरात बसून ते काम करू लागल्या. मारिया मीस या जर्मन विदुषीने त्यांच्याविषयी लिहिलेला ग्रंथ त्याच १९८२ साली प्रसिद्ध झाला. दिवसाचे कितीतरी तास सुई चालवूनही या बायका कामकरी समजल्या जात नाहीत, घरबसल्या वेळ घालविणाऱ्या गृहिणी समजल्या जातात, आणि म्हणूनच त्यांना इतकी कमी मजुरी देता येते, असे तिने दाखवून दिले. मी तो ग्रंथ फार उशिरा वाचला. वाचताना ती टोपली डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून माझ्या दोन अटी आहेत. मुलांनी विणलेली वस्तू शाळेने विकावयाची नाही, कोणत्याही निधीसाठी नाही. आणि हे काम मुलींपुरते ठेवावयाचे नाही. सुई सर्व वर्गाच्या हाती द्यावयाची. दुसऱ्या अटीवरून मला त्रास झाला, हे लपवीत नाही. आमची शाळा खाडीकाठी आहे. एका मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला की पोराला बायकी कामे शिकवू नका. मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बसून फाटलेले जाळे विणीत होते. मी काही बोलले नाही. शेजारी बसले आणि मुलाचा अर्धवट चौकोन त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, पाकळ्यांमागच्या कमानी बोटाने चाचपल्या, आणि म्हणाले, "ह्यो कोपरा कसा काढला त्यानं?" मुलालाच विचारा, असे मी सांगितले.

त्या वर्षी वर्गात ३६ मुले होती. प्रत्येकाने एक चौकोन विणला. पाच इंचांचे ३६ चौकोन, सहा ओळी सहा रांगा, म्हणजे तीस इंच लांबी-रुंदीचे पांघरूण अंगणवाडीसाठी व्हावयाचे होते. प्रत्यक्षात चौकोन साडेचार इंचांपासून सहा इंचांपर्यंत निघाले! दोरा तोच, सुई तीच, टाके तितकेच, हात निराळे. जो मुलगा दोरा आवळून धरतो त्याचा चौकोन लहान होतो, सैल धरणाऱ्या मुलीचा मोठा. तेव्हा आवळ्या हाताला जाड सुई द्यावी आणि सैल हाताला बारीक. हा उपाय मी पुढे दुसऱ्या विषयांतही वापरून पाहिला. प्रत्येक वेळी साधला असे म्हणवत नाही. तयार झालेले चौकोन मात्र आम्ही उसवले नाहीत. लहान होते त्यांच्या भोवती आखूड टाक्यांची एक-दोन फेऱ्यांची कड घातली, मोठे होते ते मधल्या रांगांत घेतले. पांघरुणाचा एक कोपरा अजूनही थोडा वर उचललेला राहतो.

साहित्याविषयी विचारणा झाली आहे. लोकर नसली तरी अडत नाही. जाड सुती दोरा चालतो, जुन्या सुती लुगड्याच्या अर्धा इंच रुंद पट्ट्याही चालतात. त्यांना बांबूची जाड सुई करावी आणि काचेच्या तुकड्याऐवजी पॉलिश कागदाने ती घासावी. चौथीच्या खालच्या मुलांना फूल देऊ नये, त्यांना नुसती साखळी पुरे. साखळीने वर्गाची लांबी मोजता येते.

हा चौकोन मी टेबलावर ठेवते. मधल्या सुट्टीत सर्वांनी हाताळून पाहावा. बारा सुया आणल्या आहेत. ज्यांना उसवून पाहावयाचे असेल त्यांनी खुशाल उसवावे. सुटणारे टोक निळ्या दोऱ्याचे आहे, डावीकडच्या कोपऱ्याशी.