काटा वर, म्हणजे इंजिन दमदार?

(हिवरखेड येथील बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, गटाची जुनी जीप आपण चालवतो; मग ऑइल प्रेशरचा काटाही आपणच वाचायला हवा. सकाळी थंड इंजिनात ऑइल घट्ट असते, काटा वर जाणारच. अकोटपर्यंत इंजिन तापले की तो उतरायला हवा. नाही उतरला, तर ‘प्रेशर भरपूर, इंजिन दमदार’ या बोलण्यावर जाऊ नका. ऑइल नको तितके जाड असेल, रिलीफ व्हॉल्व्ह अडकला असेल, किंवा ऑइलची वाट गाळाने तुंबली असेल. मग काटा वर असूनही पुढचे बेअरिंग कोरडे पडते. कधी नुसता सेन्सरच बिघडलेला असतो. इंजिनकामाचे बिल आपल्या बचतीतून जाते. म्हणून इंजिन खोलू देण्याआधी दुसरे मीटर लावायला सांगा, ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. स्टिअरिंग हाती घेतले, तसे गॅरेजमधले प्रश्नही आपणच विचारू.