दुधाचे दात आणि आईचे मन
(इंदूर येथील पालकसभेत केलेले भाषण)



इतरांच्या मुलांचे दात पाहण्यात माझी हयात गेली. पण या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार मला दिला तो माझ्या मुलाने. तो अडीच वर्षांचा असताना त्याचे वरचे पुढचे चारही दात किडले. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच तो झोपे, आणि ती मीच त्याच्या हाती देत असे. दंतवैद्याच्याच घरी ही स्थिती! लाजेपोटी सहा महिने मी ती गोष्ट सासूबाईंपासून आणि व्यवसायबंधूंपासून लपवली. बाटलीपेक्षा ही लपवाछपवीच अधिक भोवली. तेवढ्या काळात कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली.

दुधाच्या दातांचे कवच पातळ असते. झोपेत लाळ कमी सुटते. साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात आणि ते कवचाला पोखरते. किडीचा आरंभ बहुधा हिरडीलगतच्या खडूसारख्या पांढऱ्या रेषेने होतो. त्याच वेळी लक्ष गेले, तर फ्लोराइडने दात सावरू शकतो. पहिला दात दिसताच घासणे सुरू करावे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नये. आपल्या इंदुरात पोह्यांबरोबर जिलेबी यायचीच. ती एकदा खाल्लेली परवडते, दिवसभर थोडेथोडे गोड चघळणे परवडत नाही.

"दुधाचेच दात, पडायचेच आहेत," असे वडीलधारी म्हणतात. परंतु दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात आणि पुढच्या पक्क्या दातांची जागा राखतात.

माझ्याकडे येणाऱ्या आया खुर्चीत बसण्यापूर्वीच आपली कैफियत मांडू लागतात. वडील मात्र क्वचितच मांडतात. रात्री मुलाचे दात घासणे हे काम त्यांनी घ्यावे, अशी माझी विनंती आहे. मुलाला रागावू नये, दंतवैद्याची भीती घालू नये.

माझ्या मुलाचे ते चार दात काढावे लागले. पुढे पक्के दात चांगले आले. मनातली टोचणी काही पुरती गेली नाही. पण तिच्यामुळे वैद्याकडे जाण्यास उशीर करू नये, एवढे मी शिकले. आज घरी गेल्यावर आपल्या लेकराचा ओठ उचलून उजेडात जरूर पाहा, आणि काही दिसले तर उद्याच दाखवा.