सायकल आणि रस्त्यावरचा हक्क



शहरातील रोजच्या जाण्यायेण्यासाठी सायकल व्यवहार्य आहे काय, असा प्रश्न नगरनियोजनाच्या चर्चेत वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या दारात बहुधा मोटार उभी असते. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दूधवाला, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी यांना हा प्रश्न पडत नाही. बसभाडे परवडत नाही आणि पायी वेळ पुरत नाही, एवढे उत्तर त्यांना पुरते.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, विद्यार्थी, प्राध्यापक, कारकून सारे सायकलने जात. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने पेठापेठांत होती. रात्री दिवा नसला किंवा कोणी डबलसीट दिसले, की पोलीस अडवीत. सायकल ही तेव्हा गरिबीची खूण मानली जात नव्हती. पुढे स्कूटरी आल्या, मोटारी वाढल्या, शहर चहूकडे पसरले. रस्ते रुंद झाले, पण त्यांवरील सायकलस्वाराचा वाटा घटत गेला. सायकल आपोआप अव्यवहार्य झाली नाही; धोरणाने तिला तसे केले.

हिशेब साधा आहे. पाच किलोमीटरचे अंतर सामान्य सायकलस्वार वीस-पंचवीस मिनिटांत कापतो. गर्दीच्या वेळी मोटारही फारशी आधी पोचत नाही. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात. ऊन, पाऊस, चढ या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या पूर्वीही होत्या. वृद्धांना आणि दूर जाणाऱ्यांना सायकल पुरणार नाही, त्यांच्यासाठी चांगली बससेवाच हवी. म्हणून सायकल आणि बस या मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. खरा अडसर भीतीचा आहे. भरधाव वाहनांच्या शेजारून मुलीला सायकलवर शाळेत धाडण्यास आईबाप धजत नाहीत.

ही भीती दूर करता येते. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते-अपघातांत तीन हजारांवर माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटाने त्या चळवळीला बळ दिले आणि सरकारला सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधणे भाग पडले. याउलट कोलकात्यात २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली. विरोध झाल्यावर रस्त्यांची संख्या कमी झाली, पण कोणाच्या सोयीसाठी कोणाला हटवायचे, हे त्या आदेशाने उघड केले.

पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षअखेर अ‍ॅपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीही आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल पुरविणे सोपे असते. मोटारींकडून जागा काढून घेणे कठीण असते. पदपथावर रंगविलेला आणि पुढच्या बसथांब्यापाशी संपणारा पट्टा म्हणजे सायकलमार्ग नव्हे.

कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागातील एक रस्ता निवडावा. सकाळच्या दोन तासांत तेथून जाणाऱ्या सायकली मोजाव्यात, मार्ग कोठे तुटतो आणि कोणी अडविला आहे याची नोंद करावी आणि ती घेऊन अंदाजपत्रकापूर्वी महापालिकेच्या दारात उभे राहावे. रस्ता सर्वांच्या करातून बांधला जातो. सायकलने कामावर जाणाऱ्या श्रमिकाचा त्यावरील वाटा हा उपकार नसून हक्क आहे, हे तेथे ठणकावून सांगितले पाहिजे.